काजळीचा पान्हा

गोठ्याच्या दाराची कडी खळ्ळकन वाजली आणि सुप्रियाच्या ओठांवरचा शब्द ओठांवरच विरला.

तोवर सगळं चिडीचूप होतं. वाडीला अजून जाग नव्हती, खालच्या दरीत धुकं साकळलं होतं. गोठ्यात काय ती कासंडीत पडणाऱ्या दुधाची सर्रसर्र आणि तिच्या तालावर सुप्रियाची पुटपुट. पुटपुट थांबली तशी काजळीनं कान टवकारला. पुढच्याच ओढीला सड रिकामा लागला.

सगुणाबाई दारात उभी होती. खांद्यावर घोंगडी, एका हाताचं मनगट दुसऱ्या हातात धरलेलं.

"कुनाशी बोलतेस गो?"

"कुनाशी नाय, आत्या. म्हशीला चुचकारत होते."

"म्हशीला एवढं काय सांगायचं असतं?"

सासूला, म्हणजे सगुणाबाईला, सुप्रिया आत्या म्हणायची. सासूची नजर आधी गवताच्या भाऱ्यामागं गेली, मग माळ्यावर, मग सुप्रियाच्या कमरेला. फोन कनवटीला होता. सुप्रियानं पदर सारखा केला आणि सारखा करताना आपण सारखा करतोय हे दिसलं असणार, असं वाटून तिचे कान तापले.

"दूध एवढंच?"

"आज कमीच दिलं."

"हं," म्हणून सगुणाबाई गेली. कडी मात्र तिनं लावली नाही. दार उघडंच ठेवलं.

*

चोरी होती, पण ती इंग्रजीची.

सुप्रिया महाडची. दहावीला बाकी सगळे विषय सुटले होते, इंग्रजी राहिला. पुन्हा बसू म्हणता म्हणता लग्न झालं आणि ती कुडपणच्या अंगाला, डोंगरावरच्या या वाडीत आली. चारपाच उंबरे, त्याहून जास्त गोठे. नवरा, चंदन, भिवंडीला गोदामात. घरात सासू, सहा वर्षांचा स्वराज आणि जनावरं. दहावीचं नावही पुढं कुणी काढलं नसतं. पण जूनमध्ये स्वराजचं नाव शाळेत घालताना मास्तरांनी सहज विचारलं, आईचं शिक्षण? सुप्रिया उत्तर जुळवत होती तेवढ्यात सगुणाबाई हसत म्हणाली, "नापास लिवा." मास्तर हसले. स्वराजही हसला, कारण सगळे हसले म्हणून. ते पोराचं हसू सुप्रियाच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं.

चंदननं बाहेरून फॉर्म भरून दिला. म्हणाला, "आईला परीक्षा होईस्तवर सांगू नको. माधुरीवैनीचं ठाऊक हाय ना तुला."

ठाऊक नसायला काय झालं? माधुरी ही थोरली जाऊ. घरात राहून, चुलीपुढं बसून ती बारावी झाली. मग म्हणाली, पनवेलला एका दवाखान्यात काम मिळतंय, दोन महिने बघून येते. सगुणाबाई स्वतः वीरच्या स्टेशनपर्यंत पोचवायला गेली होती, रिक्षात मांडीवर नातीला घेऊन. माधुरी गेली, तिच्याबरोबर नात गेली, मागोमाग तिचा नवरा, सगुणाबाईचा थोरला सुनील गेला. गणपतीला यायचे. गेल्या वर्षी तेही राहिलं. तेव्हापासून सगुणाबाईच्या मनात एक गाठ पक्की बसली होती: बाई पास झाली की जाते.

आणि सुप्रियाला शिकवत होती तीच माधुरी. दर आठवड्याला आवाज भरून पाठवायची. लाकडं आणायच्या निमित्तानं सुप्रिया पाण्याच्या टाकीवर चढायची, तिथंच काय ती रेंज. "ऐक गं," माधुरीचा आवाज यायचा, "लुक म्हणजे बघणं. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं. लुक डाउन ऑन म्हणजे तुच्छ लेखणं. एकच लुक, पण संगत बदलली की बदलतो." सुप्रियाला ते पटायचं. तीच बाई सासूपुढं एक असते, माहेरी एक, नळावर आणखी तिसरी. असलं असेल तर इंग्रजी काही एवढी परकी नाही.

म्हणींचं मात्र हसू यायचं. सांडलेल्या दुधावर रडून उपयोग नाही, अशी एक म्हण होती. ज्यानं केली त्याच्या घरी म्हैस नसणार, असं तिनं माधुरीला उलट सांगून पाठवलं होतं. दूध सांडलं तर या घरात रडायचंच असतं, आणि रडून झाल्यावर बोलणीही खायची असतात.

पाठ करायला वेळ कुठला? घरात सासूचे कान. नळावर बायका. उरली धारेची वेळ. दिवाळीत काजळी व्याली आणि त्याच आठवड्यात सगुणाबाई अंगणात घसरली, मनगट सुजलं. धार सुप्रियाकडे आली. पहाटे आणि तिन्हीसांजेला, गोठ्याचं दार लोटून, काजळीच्या पोटाला कपाळ टेकून ती एकेका ओढीला एकेक शब्द म्हणायची. काम डाउन. कॅरी ऑन. लुक आफ्टर. गिव्ह अप. पुट अप विथ. शब्दांना ताल सापडला आणि तालाला दूध. पोराला थोपटावं तसं ती म्हशीला इंग्रजी थोपटत राहिली, आणि हिवाळा सरला.

*

कडी वाजली त्याच दिवशी संध्याकाळी सगुणाबाईनं कासंडी स्वतः उचलली.

"माझं मनगट बरं हाय आता. ही माझी म्हस. बाटलीनं दूध पाजून वाढवलीया मी तिला."

ती बसली. रेडकाला आधी पाजलं, मग ओढून बाजूला बांधलं, सड धुतले, तेलाचं बोट लावलं. सगळं रीतसर. काजळीनं आंबोण खाल्लं, शेपटी हलवली आणि पान्हा चोरला. सगुणाबाईनं चुचकारलं, मग रागावली, मग पुन्हा चुचकारलं. कासंडीचा तळ जेमतेम पांढरा झाला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

हात ओळखीचा, गोठा ओळखीचा, रेडकू पुढ्यात. मग म्हैस दूध का चढवते? डोंगरावर या प्रश्नाला एकच उत्तर असतं, आणि ते उत्तर शोधायला सगुणाबाईला लांब जावं लागलं नाही. तुळशीपलीकडच्या घरात आनंदीबाई राहायची. एकटी, विधवा, तिच्या दोन शेळ्या. स्वराज निम्मा वेळ तिच्याच ओट्यावर असायचा. चार दिवसांपूर्वी ती विरजण मागायला आली होती. आली ती नेमकी दिवेलागणीला, आणि दारातून काजळीकडे बघत म्हणाली होती, "लय गुनाची म्हस हाय गो सगुणा. बघूनच पोट भरतं."

"पोट भरलं ना तिचं," सगुणाबाई आता म्हणत होती. "आमचं रिकामं झालं."

मीठमिरच्या उतरून झाल्या. काजळीच्या शिंगाला काळा दोरा आला. स्वराजला ताकीद मिळाली, तुळस ओलांडायची नाही. दूध खाली पोलादपूरच्या हॉटेलाला जीपनं जायचं, तो जीपवाला मोरूही विचारून गेला, "काय झालं, काकी? म्हस आटली का कुनी आटवली?" झालं. दोन दिवसांत वाडीतल्या बायका आनंदीबाई दिसली की रेडकांना आत घ्यायला लागल्या.

आनंदीबाईनं सुप्रियाला नळावर गाठलं.

"आळ माझ्यावर हाय ना गो?"

"तसं काय नाय, काकी."

"मंग सगुणानं माझ्या हातचा चहा का नाय घेतला? पोरगं का येत नाय?" तिनं हंडा कमरेला घेतला. "मी म्हशीकडं बघितलं एवढंच. बघायचं नाय तर देवानं डोळं कशाला दिलंत? शेनात घालायला?"

सुप्रिया हसली. आनंदीबाई हसली नाही.

*

त्या संध्याकाळी सगुणाबाई म्हणाली, "आज तू बस. मी हितं उभी राहते. बघू कुनाच्या हाताचा दोष हाय."

सुप्रिया बसली. पाठीमागं सासूचा श्वास. ती गप्प राहून ओढत राहिली. काजळीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, जसं शाळेतलं पोर पुढची ओळ विसरलेल्या मास्तरांकडे बघतं. दूध आलं नाही.

"बघ," सगुणाबाई म्हणाली. पण तिच्या आवाजात थोडं बरंही वाटल्यासारखं होतं. दोष आपल्या हाताचा नाही. मग रेडकानं दावं तोडलं म्हणून ती त्याच्यामागं अंगणात धावली.

सुप्रियानं कपाळ टेकलं. मनात शंका नुसती डोकावली होती, तिची खात्री करायला म्हणून अगदी हलकेच म्हणाली, "काम डाउन."

काजळीनं लांब श्वास सोडला. सड भरले.

"कॅरी ऑन," सुप्रिया म्हणाली आणि कासंडीत फेस उभा राहिला. म्हशीला कुणाची नजर लागली नव्हती, इंग्रजीची सवय लागली होती.

सगुणाबाई रेडकू ओढत परतली, तिनं कासंडीत पाहिलं, मग सुनेच्या तोंडाकडं.

"मी गेले आन दूध आलं?"

"सोडलं तिनं एकदम."

"एकदम," सगुणाबाई म्हणाली. त्या एका शब्दात तिनं सुनेला चाळणीतून काढलं.

पुढचे दोन दिवस सुप्रियाला घर परकं वाटलं. ती पाणी प्याली तरी कुणी मोजतंय असं वाटे. टाकीकडं निघाली की सगुणाबाईला नेमकं त्याच वाटेवर शेण गोळा करायचं सुचे. एकदा स्वराजला मांडीवर घेऊन ती विचारत होती, "आय गोठ्यात कुनाशी बोलते रे? फोनवर बाप्या असतो का बाई?" सुप्रियानं भिंतीआडून ऐकलं. म्हणजे संशय आता तुळस ओलांडून परत घरात आला होता.

तिनं उपाय करून पाहिला. इंग्रजीऐवजी ओवी म्हटली, त्याच चालीवर, तेवढ्याच हळू. काजळीनं ओवी ऐकून घेतली आणि दूध वर चढवलं. दुसऱ्या खेपेला तिनं अंगाई म्हटली. म्हैस रवंथ करत राहिली. लहान मूल एकाच गोधडीला चिकटतं, ती धुवायला टाकली तरी रडतं, त्यातली गत.

आणि मग शनिवारी सगुणाबाईनं नारळ आणला.

"उद्या देवीला कौल लावायचा. कुशाबाला सांगून आलेय. आनंदीचं नाव घेऊनच विचारनार हाय."

कौल म्हणजे काय ते सुप्रियाला ठाऊक होतं. कुशाबा पुजारी देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायचा आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. देवी काय म्हणते त्यावर कुशाबाही बोलत नसे. उजवी पडली, की आनंदीबाईला कुणाच्या उंबऱ्यात, कुणाच्या बारशात, कुणाच्या गोठ्यात जागा उरणार नव्हती. त्या एकट्या बाईला शेळ्या घेऊन जायलाही दुसरं गाव नव्हतं.

परीक्षा पुढच्या शुक्रवारी होती. महाडला. हॉल तिकीट माहेरी येऊन पडलं होतं. अजून पाचसहा दिवस तोंड मिटून बसायचं, एवढंच. पाकळी डावीही पडेल, असं सुप्रियानं स्वतःला सांगून पाहिलं. देवी काय, खरं तेच सांगेल. मग वाटलं, खरं ठाऊक असलेलं माणूस घरात बसून राहणार आणि ओझं देवीवर टाकणार, हे कुठल्या भाषेत बसतं?

*

रविवारी सकाळी सगुणाबाई नऊवारीचा काष्टा घालून, हातात नारळ घेऊन निघाली तेव्हा सुप्रिया दारात आडवी उभी राहिली.

"आत्या, आधी गोठ्यात चला."

"आता? कुशाबा वाट बघतोय."

"बघू दे. धार काढायची राहिलीय."

सगुणाबाईनं तिच्याकडं निरखून पाहिलं आणि नारळ न ठेवताच मागोमाग आली. सुप्रिया बसली. दार सताड उघडं. तिचा आवाज आधी फुटेचना. इतके दिवस ओठांत ठेवलेलं मोठ्यानं म्हणायची तिला सवय नव्हती. मग तिनं डोळे मिटले.

"काम डाउन. कॅरी ऑन. लुक आफ्टर."

पहिली धार तळाला वाजली. दुसरी, तिसरी. फेस चढत गेला. सगुणाबाई एक पाऊल मागं सरली.

"कुनाचा मंत्र हाय हा?"

"मंत्र नाय."

"मंग काय म्हनतेस? कुनी दिला तुला? कुठल्या देवऋष्याकडं गेलीस?"

"इंग्रजी हाय, आत्या. दहावीचं. माझा इंग्रजी राहिला होता ना. शुक्रवारी परीक्षा हाय महाडला. रोज इथं बसून पाठ करत होते, तर हिला त्याचीच सवय लागली. आनंदीकाकींचं काय नाय त्यात."

काजळी शेपटीनं माशी वारत उभी होती. तिला या घरातलं काही पडलं नव्हतं.

"कुनी शिकवलं?" सगुणाबाईनं विचारलं. आवाज अगदी खाली आला होता.

इथं खोटं बोलता आलं असतं. चंदनचं नाव घेता आलं असतं.

"माधुरीताईंनी."

सगुणाबाई नारळाची शेंडी नुसती चाचपत राहिली. मग गव्हाणीच्या कडेवर टेकली आणि म्हणाली, "म्हंजे ती तिकडून तुलाबी ओढते."

"तसं नाय, आत्या."

"वीरच्या ठेसनात हाच हात धरला होता तिनं. दोन महिने, म्हनाली. मी तिला भाकरी बांधून दिलेली, गाडीत खायला." ती उठली. "धार पुरी कर. निम्म्यात सोडलीस तर कास दुखल तिची."

कौल लागला नाही. कुशाबाला निरोप गेला, म्हस बरी झाली. त्या दिवशी तिन्हीसांजेला, दिवे लागता लागता, सगुणाबाईनं वाटीत विरजण काढलं आणि स्वराजच्या हाती दिलं. "आनंदीआजीला देऊन ये. सांडू नको." त्या वेळेला ती कधी कुणाला विरजण देत नसे. पलीकडून आनंदीबाईचा आवाज आला, "कुनी पाठवलं रे?"

सुप्रियाला वाटलं, सुटले. तिला हे घर अजून नीट कळलं नव्हतं.

बुधवारी सगुणाबाई धारेच्या वेळी शेजारी येऊन बसली. "दोन दिस तू नसशील. म्हस कोन पिळनार? मला शिकव."

"काम डाउन म्हणा."

"काम डाऊन."

"थोडं हळू. गाणं म्हटल्यासारखं."

"काम डाऊन, बये, काम डाऊन." काजळीनं कान हलवला. "म्हंजे काय?"

"शांत हो."

"मंग शांत हो म्हनलं तर बहिरी होते का ती?" सगुणाबाई पुटपुटली, पण म्हणत राहिली. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, हे तिनं मान डोलावून घेतलं. पुट अप विथ म्हणजे सोसून घेणं, असं सुप्रियानं सांगितलं तर म्हणाली, "त्याला विंग्रजी कशाला पायजे? ते आमाला येतं." मग गिव्ह अप आलं.

"सोडून देणं," सुप्रिया म्हणाली.

सगुणाबाईचे हात थांबले. "ते मी नाय म्हननार. म्हशीला ते शिकवायचंबी नाय."

बाकीच्या शब्दांवर दूध आलं. थोडं, पण आलं. सगुणाबाईच्या तोंडावर क्षणभर असं काही उमटलं की सुप्रियाला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. तेवढ्यात सगुणाबाई म्हशीच्या पोटाआडून, वर न बघता म्हणाली,

"जा तू. द्यायची ती परीक्षा दे. माझं काय म्हननं नाय. पोराला मातर हितं ठेवून जा."

सुप्रियाला आधी ते साधंच वाटलं. मग त्याचा अर्थ पायापासून वर चढत गेला. वीरच्या स्टेशनावरून माधुरीबरोबर नातही गेली होती. या खेपेला सगुणाबाई खुंट्याला दावं बांधूनच सुनेला सोडणार होती.

"ठेवते," ती म्हणाली.

*

गुरुवारी सकाळी मोरूची जीप वाडीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. दुधाच्या किटल्या चढल्या. सुप्रियानं पिशवी पायाशी ठेवली आणि आत बसली. सगुणाबाईनं फडक्यात भाकरी बांधून दिली होती. देताना ती फडक्याच्या गाठीकडं बघत होती, सुनेकडं नाही. आनंदीबाई तुळशीपाशी उभी राहून म्हणाली, "सगळं लिव गो. मोकळी जागा ठेवू नको," आणि सगुणाबाईनं तिला हटकलं नाही.

स्वराज आजीचं बोट सोडवून जीपपाशी धावत आला. नाकाला शेंबूड, शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात. सुप्रियानं वाकून त्याचं बटण नीट केलं. पोराच्या केसांना धुराचा आणि रेडकाचा वास होता. तो तिनं जेवढा घेता येईल तेवढा घेतला.

"आजीला त्रास देऊ नको. परवा येते मी."

स्वराजनं मान हलवली नाही. तो तिच्याकडं बघत राहिला, अगदी सगुणाबाईसारखा, डोळे बारीक करून, आपल्या आईला पहिल्यांदाच पारखून घेत असल्यासारखा. मोरूनं गाडी चालू केली. मागं अंगणात सगुणाबाई उभी होती, तिची मान इकडे वळलेली होती.

"आये," स्वराजनं विचारलं, "तू पास होनार का परत येनार?"